नव्वद दिवस आणि एक भात

मी सौदीला गेले तेव्हा पंचवीस वर्षांची होते आणि माहेरी परत येऊन मला दीड वर्ष झालं होतं.

सासर वैशाखऱ्याच्या पुढे, माळशेजच्या रस्त्याला लागून. नवरा मुरबाडच्या एमआयडीसीत कामाला होता. लग्नाआधी मी शहापूरच्या एका खाजगी दवाखान्यात नर्स होते, लग्नानंतर ते बंद झालं. सासरी काय काय झालं ते सगळं मी लिहीत नाही. लग्नाच्या आठव्या महिन्यात एका दुपारी बाबा मला भेटायला आले. त्यांनी माझ्या मनगटाकडं बघितलं, पुढ्यातला चहा तसाच ठेवून ते उठले आणि म्हणाले, "पिशवी भर, बाय." सासू दारात आली, काही बोलली, पण बाबांनी तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. सरळगावला उतरून किन्हवलीची एसटी मिळेपर्यंत पिशवी त्यांच्याच हातात होती.

किन्हवलीला आमचं भाताचं थोडं रान आणि चार खोल्यांचं कौलारू घर. आई मी आठवीत असतानाच गेली होती. घरात बाबा, दादा, वहिनी आणि त्यांची दोन मुलं. वहिनी वाईट नव्हती, पण मी आल्यापासून तिनं मला कुठलं काम सांगितलं नाही. पाहुणीला कुणी काम सांगत नाही, आणि पाहुणी कधीतरी जायची असते. दवाखान्यातली नोकरी मला परत मिळाली. सकाळच्या एसटीनं शहापूरला जायचं, संध्याकाळी परत. गाडीत शेजारी बसलेली बाई हमखास विचारायची, "माहेरपणाला आलीस?" दीड वर्ष मी "हो" म्हणत राहिले. भावकीतली माणसं दर सणाला बाबांना सांगायची, आता पोरीला पोचवा. बाबा ऐकून घ्यायचे. ते बोलणारे नव्हतेच. चार माणसांत तर त्यांच्या तोंडून शब्द फुटत नसे.

आमच्या दवाखान्यातल्या एका सिस्टरनं मुंबईतल्या मुलाखतींची बातमी आणली. मी तिच्यासोबत म्हणून गेले. ती नापास झाली आणि मी पास. करार दोन वर्षांचा. त्यात एक अट होती: पहिले तीन महिने चाचणीचे. तेवढ्यात पटलं नाही तर आपण सांगायचं, हॉस्पिटल परतीचं तिकीट काढून देणार. नव्वद दिवस उलटले की मग दोन वर्षं पूर्ण केल्याशिवाय हलता येणार नाही. मी ते कागद घरी वाचून दाखवले. दादा म्हणाला, "जा. इथं बसून काय करणार?" वहिनीच्या तोंडावरचा सुटकेचा भाव मला दिसला आणि मी तिचा राग धरला नाही, कारण मलाही तसंच वाटत होतं.

बाबा राबात भाताचं बी पेरून आले होते. ओटीवर पाय धूत म्हणाले, "एक भात बघ. कापणीपातूर नाय जमलं तर ये."

नव्वद दिवस म्हणजे कापणीच्या आधीच संपतात, हे मी त्यांना तेव्हा समजावून सांगितलं की नाही, याबद्दल पुढं दोन वर्षं मी स्वतःशीच भांडत होते.

ते शहर लहान होतं. हॉस्पिटल चांगलं होतं, वॉर्ड स्वच्छ, औषधांची कधी वानवा नाही. पण नर्सेसचं राहायचं ठिकाण म्हणजे चार मजली इमारत, भोवती उंच भिंत, एक फाटक आणि फाटकावर पहारेकरी. पहिल्याच दिवशी पासपोर्ट घेतले आणि हातात एक कार्ड दिलं. ड्युटीला जायला बस, परत यायला तीच बस, आणि बसच्या काचांना पडदे. खोलीच्या खिडक्यांना आतून दुधी कागद चिकटवलेला होता. उजेड यायचा, बाहेरचं काही दिसायचं नाही. आठवड्यातून एकदा दोन तास बाजारात न्यायचे, काळा बुरखा घालून, रांगेत मोजून. परत आलो की पुन्हा मोजायचे.

मारणारं कुणी नव्हतं. टोमणे मारणारं कुणी नव्हतं. पगार वेळेवर. म्हणून पहिले काही दिवस मला कळेचना की मी जेवताना ताट अर्धं का ठेवते. मग एकदा ड्युटीवरून आल्यावर मी खोलीचं दार लावलं आणि लगेच परत उघडलं. पुन्हा लावलं, पुन्हा उघडलं. सासरी मला दोन वेळा खोलीत कोंडलं होतं. इथं कडी माझ्याच हातात होती, तरी दार उघडतं का ते मी बघत होते.

माझ्या खोलीत केरळची एक सिस्टर होती. चाळिशीची, अकरा वर्षं तिथंच. तिनं माझा दार उघडण्याचा खेळ बघितला होता. ती मला म्हणाली, "चालीस दिन तक कुछ डिसाइड मत करना. सबको रोना आता है." मी विचारलं, आणि चाळीस दिवसांनंतर? "उसके बाद अस्सी से पहले डिसाइड कर लेना. बाद में ऑफिसवाले टाइम खराब करते हैं." मी तिला विचारलं, तू कसं ठरवलंस? ती कपडे घड्या करत होती. म्हणाली, तिनं ठरवलंच नव्हतं. नव्वद दिवस कधी झाले ते तिच्या लक्षात आलं नाही, नंतर दोन वर्षं कधी झाली ते आलं नाही, मुलगा आजीकडं मोठा झाला. हे तिनं न रडता, अगदी साध्या आवाजात सांगितलं, आणि मला त्याची जास्त भीती वाटली.

चाळीस दिवस मी खरंच काही ठरवलं नाही. त्यानंतर रोज ठरवायला लागले. सकाळी बसमध्ये ठरायचं, जायचं. वॉर्डात गेले की हात कामाला लागायचे. मी बाळंतिणींच्या वॉर्डात होते. एखादं अपुऱ्या दिवसांचं बाळ रडायचं राहिलं आणि मग रडलं की वाटायचं, राहू. दुपारी खोलीतल्या त्या दुधी खिडकीसमोर बसले की पुन्हा वाटायचं, जायचं. साठाव्या दिवशी आमच्यासोबतची एक फिलिपिनो मुलगी गेली. तिनं ऑफिसात सांगितलं, आठवड्यात तिकीट आलं. आम्ही सगळ्या जिन्यात उभ्या राहून तिला बॅग घेऊन फाटकाबाहेर जाताना बघत होतो. म्हणजे फाटक उघडत होतं. फक्त मागायला हवं होतं.

ऐंशीव्या दिवशी मी ऑफिसात गेले. तिथल्या बाबूनं दोन कागद पुढं ठेवले. एक जाण्याचा, एक राहण्याचा. "कोणताही एक," तो म्हणाला. मी म्हटलं, घरी फोन करून सांगते. त्यानं पुढच्या शनिवारपर्यंत मुदत दिली.

किन्हवलीत आमच्या घरी फोन नव्हता. एसटी थांब्याजवळच्या किराणा दुकानात होता. एक शुक्रवार सोडून एक बाबा दुपारी तिथं येऊन बसत आणि मी इकडून फोन लावी. दुकान भर बाजारात, गिऱ्हाइकांची ये-जा. बाबा फोन असा धरत जसा कुणी तापलेला तांब्या धरतो, आणि बोलणं दोन-तीन शब्दांत संपवत. "बरी हाय का? आमी बरे हाव. जेवतीस ना? ठेव." एवढंच.

त्या शुक्रवारी मी सरळ विचारलं.

"बाबा, येऊ का मी?"

पलीकडून दुकानातला गलबला आला. दुकानदार कुणाला तरी साखर देत होता, तराजूचा आवाज ऐकू येत होता.

"बाबा?"

"हां."

"उद्या सांगायचंय मला इथं. येऊ का?"

"भात उभं हाय अजून," बाबा म्हणाले. "आत्ताशी निसवतंय. कापणी होऊ दे. मग बघू."

"अहो, कापणीपर्यंत नाही थांबता येत."

"कापणी होऊ दे, बाय. ठेवतो."

मी फोन हातात धरून तिथंच उभी राहिले. मागच्या मुलीनं खांद्याला हात लावला तेव्हा बाजूला झाले. मला वाटलं, त्यांना कळलंच नाही. मग वाटलं, कळलं, पण घरात नको आहे मी. शनिवारी मी राहण्याच्या कागदावर सही केली. बाबूनं शिक्का मारला आणि कागद फाइलीत घातला. या सगळ्याला दोन मिनिटंही लागली नाहीत.

नोव्हेंबरात फोनवर बाबा म्हणाले, "कापणी झाली. झोडणी चाललीय."

मी म्हटलं, "तुम्ही म्हणाला होतात, कापणी झाली की बघू."

"मग?"

"आता दोन वर्षं येता येत नाही मला."

"असं होय," बाबा म्हणाले. आणि मग, "जेवतीस ना?"

त्या दोन वर्षांत मी बाबांवर इतकी रागावले की तितकी नवऱ्यावरही कधी रागावले नव्हते. फोन एक शुक्रवार सोडून एक करायचे ते महिन्यातून एकदा करायला लागले. कामावर माझं नाव चांगलं झालं. अरबी मोडकं-तोडकं बोलता यायला लागलं. गावची बातमी दादाच्या पत्रातून कळायची आणि दादाच्या प्रत्येक पत्रात शेवटी असायचं की तू तिथं आहेस ते बरं आहे. दुधी कागदाचा एक कोपरा मी नखानं उचकटला होता. त्यातून समोरच्या भिंतीचा तुकडा आणि एक पाण्याची टाकी दिसायची. वॉर्डनला ते कळलं आणि तिनं नवीन कागद लावून घेतला. मला आठवतं, त्या दिवशी मी जेवले, झोपले आणि दुसऱ्या दिवशी कामाला गेले. दार उघडझाप करणंही केव्हाच थांबलं होतं. मला तिथली सवय झाली होती.

दोन वर्षांनी पंचेचाळीस दिवसांची सुट्टी मिळाली. पासपोर्ट हातात आला, त्यात परत येण्याचा शिक्का मारलेला. परतायचं की नाही हे आता पुन्हा माझ्यावर होतं.

किन्हवलीला उतरले तर वहिनीनं ओवाळलं. दादानं खुर्ची आणून दिली. आता मी पाहुणी नव्हते, पण काय होते ते मला कळेना. शेजारपाजारचे येऊन बसायचे, कुणाच्या भाच्यासाठी, कुणाच्या जावयासाठी विचारायचे. एसटीत शेजारी बसलेली बाई आता "माहेरपणाला आलीस?" असं विचारत नव्हती. ती विचारायची, "परत कधी जाणार?" दादाही तेच विचारायचा, वहिनीही. बाबा विचारत नव्हते. मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलत होते.

दहा-बारा दिवस झाले असतील. सकाळी नवरा आला, बरोबर त्याचा चुलता आणि आमच्याच भावकीतला एक वडीलधारा माणूस. ओटीवर बसले. वहिनीनं चहा केला. नवऱ्यानं इस्त्रीचा शर्ट घातला होता. चुलता म्हणाला, झालं गेलं विसरून जायचं, नवरा-बायकोत होतं, आता मुलाला पश्चात्ताप झालाय. मग नवऱ्यानं मला विचारलं, "तिकडचं अजून किती वर्षं चालू ठेवता येईल?"

त्यानं माझी तब्येत विचारली नव्हती. मी आत दाराशी उभी होते. दादा म्हणाला, "दोन-चार वर्षं तर सहज." भावकीतला माणूस म्हणाला, "मग ठरलं तर. ही तिकडंच राहील, सुट्टीला सासरी येईल. कुणाला काय तरास?"

तेव्हा बाबा बोलले. चार माणसांत.

"तिला इचारा."

"अरे, बायकांना काय विचारायचं यात..." भावकीतला माणूस म्हणाला.

"तिला इचारा. ती सांगल ते होईल. दुसऱ्या कुणी बोलायचं नाय." त्यांचा आवाज चढला नव्हता, पण हातातली बशी त्यांनी खाली ठेवली होती.

मी दारातून बाहेर आले. मी म्हटलं, मी येणार नाही. सुट्टीलाही नाही, कधीच नाही. मला फारकत हवी आहे. नवरा उठला, काहीतरी घाण बोलला. बाबा त्याच्या आणि माझ्या मध्ये येऊन उभे राहिले. म्हातारा, किडकिडीत माणूस. चुलत्यानं पुतण्याचा दंड धरला आणि ते निघून गेले. दादा त्या दिवसापासून माझ्याशी बोलेनासा झाला.

त्याच दिवशी दुपारी बाबा बांधावर गेले होते. मी त्यांची भाकरी घेऊन गेले. ते जेवले, हात धुतले आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "तवा तू सांगितलं होतंस मला. नव्वद दिवस. जाताना सांगितलं होतंस. मी कॅलेंडरवर खूण केली होती."

मला क्षणभर कळेना ते कशाबद्दल बोलतायत.

"तू फोन केलास त्याच्या चार दिवस आधी हेच लोक आले होते. हीच माणसं. तू परतलीस की दसऱ्याला न्यायचं ठरवून गेले. दादानं मान हलवली. मी गप बसलो. मला बोलता नाय आलं गो. तू आली असतीस, तर तुला तिकडं पोचवावी लागली असती. मीच पोचवली असती. आणि दुकानात त्यांचा मानूस उभा होता, तिथंच, फोनच्या बाजूला. मग भाताचं बोललो."

मी विचारलं, "मग नंतर का नाही सांगितलंत? पत्रात लिहायचं. दोन वर्षं."

"काय लिहू? माज्यात दम नव्हता ते?"

मी रडले नाही. मला राग आला, नवीनच राग. मला कळलं होतं की त्यांनी मला वाचवलं, आणि हेही कळत होतं की ते मला विचारून करायला हवं होतं. मला माहीत असतं तरी मी तिथंच राहिले असते. पण मग ते राहणं माझं असतं. दोन वर्षं मी त्या दुधी खिडकीसमोर बसून बापाला नको असलेली मुलगी होते. हे मी त्यांना म्हटलं. ते म्हणाले, "हां. चुकलं." बस. आम्ही भांडी घेऊन घरी आलो.

दुसऱ्या दिवशी मी शहापूरला जुन्या दवाखान्यात गेले. मेट्रन म्हणाली, "सोमवारपासून ये." इतकं सोपं. आता माझ्याकडं दोन्ही होतं, तिकडचा शिक्का आणि इकडचा सोमवार, आणि मला ठरवता येईना. इथं राहिले तर नवरा शेजारच्याच तालुक्यात होता. रस्त्यात, स्टँडवर, कुठंही. दादाचं तोंड फिरलेलं. तिकडं भिंत आणि मोजणी. मी कागदावर दोन्ही बाजू लिहून बघितल्या. दोन्ही बाजूंना जवळपास सारखंच काहीतरी लिहिलं गेलं.

शेवटच्या आठवड्यात मी ठरवलं की एक वर्ष जायचं. दोन नाही. हॉस्पिटलनं ऐकलं नाही तर फाटकातूनच परत यायचं. जाण्याआधी बाबांबरोबर कल्याणला जाऊन एका वकीलबाईंकडं फारकतीचे कागद दिले. बाबांनी कुणालाही न विचारता धुतलेलं धोतर नेसलं आणि पुढच्या सीटवर बसून आले.

हॉस्पिटलनं एक वर्ष मान्य केलं. का ते माहीत नाही, बहुधा त्यांना माणसं कमी पडत होती. ते वर्ष आधीच्या दोनांपेक्षा सुखाचं गेलं असं मी म्हणणार नाही. तीच बस, तेच पडदे. उलट जास्त अवघड गेलं, कारण आता माझ्याकडं रागवायला कुणी नव्हतं. सगळे दिवस माझे मी मागून घेतलेले होते. मी निघताना केरळच्या सिस्टरनं मला मिठी मारली आणि म्हणाली, "तू एक साल बोली और एक साल में गई. मैंने किसीको नहीं देखा ऐसे."

मी परत आले त्या वर्षी बाबांचं वय दिसायला लागलं होतं. शहापूरला दवाखान्याजवळ एक खोली घेतली. किन्हवलीला राहिले नाही. फारकतीला अजून तीन वर्षं लागली. तारखा पडत राहिल्या, तो यायचा नाही, वकीलबाई पुढची तारीख घ्यायच्या. मुरबाडच्या रस्त्यानं मी त्या तीन वर्षांत एकदाही गेले नाही. निकालाच्या दिवशी दादा आला होता. कोर्टाच्या बाहेर त्यानं मला उसाचा रस पाजला आणि आम्ही पुन्हा बोलायला लागलो. काय बोललो ते आठवत नाही, वहिनीच्या गुडघ्यांबद्दल असावं.

नंतर बऱ्याच वर्षांनी आमच्या वॉर्डात सापगावची एक नवी सिस्टर लागली. हुशार, तोंडाळ. तिला कुवेतचं काम मिळालं तेव्हा जेवणाच्या सुट्टीत तिनं विचारलं, "ताई, किती दिवस बघायचं म्हंजे कळतं, जमतंय का नाय?"

मी चाळीस आणि ऐंशीचा हिशोब सांगणार होते. तो तोंडापर्यंत आला होता. पण मी तिला विचारलं, "नाही जमलं तर कुठं येशील?"

तिला प्रश्नच समजला नाही. "कुठं म्हंजे? घरी."

"कुणी काही बोलणार नाही?"

"आय बोलंल ना. तिला बोलायला काय लागतंय. बोलंल आन् वाढंल."

मी म्हटलं, मग जा. दिवस नको मोजूस.

ती गेली. तेवीस दिवसांनी परत आली. तिथलं पाणी मानवलं नाही म्हणाली, दुसरं कारण दिलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही. मेट्रननं थोडी कुरकुर करून तिला घेतलं. पहिल्याच दिवशी दुपारी ती माझ्यासमोर येऊन बसली, माझ्या डब्याचं झाकण स्वतःच उघडलं आणि म्हणाली, "शेवग्याची हाय होय? सरका जरा."